पेनिसिलीनचे जनक – अलेक्झांडर फ्लेमिंग



आपल्याला ताप येतो, घसा सुजतो. डॉक्टर पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून देतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या कॅप्सूल आपण डब्यात ठेवून देतो, पुढे कामी येतील म्हणून. असा डबा मानोऱ्यात बहुतेक घरी सापडेल. माझ्याही घरी होता. या जातीचे पहिले औषध ज्यांच्यामुळे जगाला मिळाले, त्यांनीच या डब्यातला धोका फार पूर्वी सांगून ठेवला होता. त्यांची ही हकीकत आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये डार्वेल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घर शेतातच, भोवती माळरान आणि मेंढ्या. अलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. शाळा लांब, जाणेयेणे पायी. पाखरांची घरटी शोधायची, ओढ्यात हाताने मासे धरायचे, हे त्याचे खेळ. म्हणजे आपल्या इकडच्या पोरांपेक्षा फार काही वेगळे नाही! नजर बारीक झाली ती या रानातच, असे मला वाटते.

तेराव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनला भावाकडे गेला. पुढे चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. काका वारले, त्यांचा थोडा पैसा वाट्याला आला, आणि त्यातून डॉक्टरकी शिकता आली. सेंट मेरीज हे कॉलेज त्याने का निवडले ठाऊक आहे? त्या कॉलेजच्या मुलांशी एकदा तो वॉटर पोलो खेळला होता म्हणून! पुढे सारा जन्म त्याच ठिकाणी गेला. १९०६ पासून तो तेथे ऑल्मरॉथ राईट या जंतुशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोन येथे जखमी सैनिकांसाठी काम करू लागले. त्या काळी जखमेत जंतुनाशक औषध भरपूर ओतायची पद्धत होती. जितके जास्त तितके बरे, असा समज. तरी जखमा सडत, सैनिक मरत. फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला आत काट्यासारखे कोपरे काढले, म्हणजे वेड्यावाकड्या जखमेचा नमुनाच बनवला. औषध त्या कोपऱ्यांत पोचतच नाही, तिथले जंतू सुखरूप राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय आपल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांनाच ते औषध आधी मारी. नुसत्या मिठाच्या पाण्याने जखम धुणे बरे, असे राईट आणि ते सांगू लागले. पुष्कळ डॉक्टरांनी ऐकले नाही.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. अमेरिकेत २०१६ साली हात धुण्याच्या साबणांतली १९ जंतुनाशक द्रव्ये सरकारने बंद केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त उपयोगी आहेत, हे कंपन्यांना दाखवता आले नाही.

आता त्या प्रसिद्ध थाळीकडे येऊ. सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग सुट्टीहून परत आले. टेबलावर काचेच्या थाळ्या तशाच पडल्या होत्या. तसा माणूस पसाऱ्याचाच! थाळ्यांत गळू आणि पू करणारे जंतू वाढवले होते. एका थाळीत बुरशी आली होती, शिळ्या भाकरीवर येते ना, तशी. दुसऱ्या कोणी ती थाळी फेकून दिली असती. फ्लेमिंग यांनी पाहिले की बुरशीच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले आहेत. ती पेनिसिलियम जातीची बुरशी होती, म्हणून तिच्या रसाला त्यांनी पेनिसिलीन असे नाव दिले. १९२९ साली त्यावर निबंधही छापला. परंतु रस शुद्ध करणे त्यांना जमले नाही आणि काम दहा वर्षे अडून राहिले.

इथे एक सांगितलेच पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत सगळे श्रेय एकट्या फ्लेमिंग यांना देतात, ते बरोबर नाही. पेनिसिलीनचे औषध बनवले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी ते एका पोलिस शिपायाला दिले. त्याच्या तोंडावर जखमा चिघळून मरणाची पाळी आली होती. थोड्याच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध संपले! त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत गाळून काढले, तेही पुरले नाही. जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली आणि मार्चमध्ये तो दगावला.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जग पेनिसिलीनचा जयजयकार करीत होते. फ्लेमिंग यांनी मात्र स्टॉकहोमच्या व्याख्यानात काळजीची गोष्ट काढली. एक दिवस हे औषध दुकानात कोणालाही मिळेल, आणि अजाण माणूस ते कमी प्रमाणात घेईल, अशी भीती त्यांनी सांगितली. त्यांनी एका काल्पनिक नवरा-बायकोची कथाही सांगितली. नवऱ्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनानेच थोडेसे पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट तरबेज होतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि मग पेनिसिलीन चालत नाही. चूक नवऱ्याची, जीव जातो बायकोचा.

जंतू तरबेज होतात म्हणजे काय? आपल्या शेतातच पाहा. गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून बीटी कपाशी आली. काही वर्षे अळी मेली. पण थोड्या अळ्या मुळातच चिवट होत्या. त्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली, आणि २०१७ साली विदर्भात बोंडे किडून गेली. जंतूंचे असेच होते. फरक इतकाच की अळीची पिढी वाढायला काही आठवडे लागतात, आणि पुष्कळ जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात.

फ्लेमिंग यांना फार वाट पाहावी लागली नाही. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात पू करणाऱ्या जंतूंपैकी निम्म्याहून जास्त पेनिसिलीनला दाद देईनासे झाले होते. ११ मार्च १९५५ रोजी ते वारले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले. कितीतरी लेकरे आणि बाळंतिणी अशा औषधांनी वाचल्या, हे विसरता येणार नाही. पण औषध हाताशी आले तशी सवयही लागली. सर्दी झाली की कॅप्सूल. सर्दी होते विषाणूने, त्याच्यावर ही औषधे काहीच करीत नाहीत. क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्यायच्या असतात, पण खोकला थांबला की माणूस दोन महिन्यांत सोडून देतो. २०१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी असे क्षयरोगी जगापुढे मांडले, की तपासून पाहिलेले एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडेना. दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

२०१६ पासून आपल्या देशात अशा औषधांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ ओळखा, अशी सरकारी मोहीम सुरू झाली. रेघ असली म्हणजे ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. आज घरी गेल्यावर आईला किंवा आजीला तो डबा काढायला सांगा. स्वतः उघडू नका, गोळीला हात लावू नका. लाल रेघेच्या किती पट्ट्या निघाल्या आणि त्यांत किती गोळ्या उरल्या होत्या, ते वहीत लिहून सोमवारी वर्गात आणा.