राजगृह : मालकाच्या गैरहजेरीत उभे राहिलेले घर

परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तारुण्याची कितीतरी वर्षे गेली. संसार तेथेच आणि वाढता ग्रंथसंग्रहही तेथेच. १९१७ साली लंडनहून परतताना ग्रंथांचे सामान त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठविले होते. युद्धाच्या धामधुमीत ते जहाज पाणतीराने बुडाले. ज्याने अशी हानी सोसली, त्याला पुढे ग्रंथांसाठी हक्काची जागा हवीशी वाटावी यात नवल ते काय?

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी दोन भूखंड घेतले. १९३० च्या सुमारास राजगृहाच्या बांधकामाची सिद्धता झाली, आणि नेमक्या याच काळात गोलमेज परिषदांचे बोलावणे आले. १९३० च्या ऑक्टोबरात ते लंडनला निघाले. १९३१ च्या ऑगस्टात पुन्हा प्रयाण केले आणि परिषद संपताच अमेरिकेकडे वळले. १९३२ अखेरीस तिसरी परिषद झाली. मधल्या काळात नाशिकचा सत्याग्रह होता, पुणे करार होता. कोट्यवधी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न ऐरणीवर असताना स्वतःच्या घराच्या विटा मोजायला सवड कोठून मिळणार?

म्हणून महत्त्वाचे निर्णय त्यांनी आधीच करून ठेवले. वास्तुशास्त्रावरील ग्रंथ अभ्यासून आराखड्यात स्वतः लक्ष घातले, देखरेखीचा भार विश्वासातील माणसावर सोपविला. ग्रंथालयाची जागा वरच्या मजल्यावर ठरली आणि कुटुंबाची खालच्या. कोणत्याही घरधन्याने आधी दिवाणखान्याचा विचार केला असता. येथे कपाटांचा झाला. काम १९३३ च्या सुमारास पूर्ण झाले. नाव ठेवले राजगृह. मगधाची ही प्राचीन राजधानी, जेथे पहिली धम्मसंगीती भरली. धर्मांतराची घोषणा तेव्हा व्हायची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावाचे महत्त्व अधिक जाणवते.

या घराचे सुख रमाईंना फार थोडे लाभले. चाळीतील दारिद्र्यात झिजलेल्या त्या माउलीचे २७ मे १९३५ रोजी राजगृहातच निधन झाले. पती परदेशी असताना घरची सारी चिंता त्यांनीच वाहिली होती; वास्तूच्या इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख ओझरताच येतो, ही खंत वाटते.

दुसऱ्या भूखंडावरील चार मिनार ही इमारत १९४१ साली विकावी लागली. कर्ज फेडायचे होते, ग्रंथही घ्यायचे होते. विकायचे काय आणि राखायचे काय, हा प्रश्न त्यांना पडला असेल असे वाटत नाही. ग्रंथांचे घर राहिले.

१९४२ पासून मजूरमंत्री म्हणून आणि पुढे विधिमंत्री म्हणून त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने दिल्लीत राहिले. राजगृहाचा धनी पुन्हा दूरच. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांचा देह विमानाने मुंबईस आणून राजगृहात ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी तेथूनच लाखोंच्या साक्षीने अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली.