आकड्यांची साक्ष : पालवणकर बाळू

खेळात प्रगती व्हावी असे वाटत असेल तर सराव करावा, हे आपल्याला सर्वच जण सांगतात. पण केलेला सराव मोजावा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. गोल्फ खेळणारे हौशी लोक एका फेरीत किती फटके लागले आणि त्यांतले किती खळग्याजवळ येऊन वाया गेले, हे लिहून ठेवतात व त्यावरून पुढच्या आठवड्याचा सराव ठरवितात. आपल्या जळगाव-धुळ्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांचीच आवड अधिक; तरी हिशेबाचा नियम सर्व खेळांना सारखाच लागू आहे. या नियमाचा विचार करताना मला वारंवार आठवतात ते पालवणकर बाळू. आपल्या देशातील पहिले मोठे गोलंदाज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या आयुष्यात आकड्यांना जी किंमत होती, ती क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात असेल.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला एका चांभार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण या गावावरून त्यांचे आडनाव आले. पुढे हे कुटुंब पुण्यात राहू लागले. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण लवकर सुटले. पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे, असे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार चार रुपये झाला.

तेथेच त्यांच्या सरावाला खरी सुरुवात झाली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या गोऱ्या फलंदाजांतील अत्यंत तयारीचा खेळाडू. पुढे हॅम्पशायरकडूनही तो खेळला. तो रोज इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंची डावखुरी गोलंदाजी खेळे. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर महिन्यात आठ वेळा ग्रेगचा बळी घेतल्यास पगाराइतकीच वरकमाई होणार! माझ्या मते सरावाची मोजणी याहून चोख होणे कठीण. किती चेंडू टाकले यापेक्षा आपल्याहून वरचढ माणसाला किती वेळा चकविले, हाच खरा हिशेब. नेटमध्ये आपल्याच जोडीच्या मित्राला पन्नास चेंडू टाकून समाधान मानणाऱ्या आपण सर्वांनी याचा विचार करावा.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. बाळूंनी त्या क्लबात शेकडो तास गोलंदाजी केली, पण हाती बॅट घेण्याची संधी त्यांना मिळाली नाही. गोलंदाजी हे चाकराचे काम आणि फलंदाजी साहेबाची, असा तेथील रिवाज होता. म्हणजे कोणत्या गोष्टीचा सराव करावयाचा, हेसुद्धा त्यांच्या हाती नव्हते.

ग्रेगला चकविणारा गोलंदाज गावात आहे, ही बातमी पुण्यातील हिंदू क्लबापर्यंत पोचली. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर तडजोड निघाली. मैदानावर ते इतरांबरोबर खेळत. ज्या चेंडूला ते स्पर्श करीत त्याच चेंडूला सर्वांचे हात लागत. पण चहाची वेळ झाली की इतरांना आत पेल्यातून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून. जेवणाची पंगतही वेगळी असे. संघाला त्यांचे बळी हवे होते. त्यांची पंगत मात्र नको होती.

१८९६ च्या सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे आपल्या जळगावकडे येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे चालविणारी ती हीच कंपनी. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला व त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. परदेशी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविले, याचा आनंद देशभर झाला. ज्याला चहा बाहेर मिळत होता त्याच्या हाताने हे घडले, हेही विचारी लोकांच्या ध्यानात आले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते व खांदाही दुखत होता. या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील बळी ७५ व सरासरी २०.१२. मी हे आकडे मांडून पाहिले. उरलेले ३९ बळी सुमारे साडेसोळा धावांना एक या दराने पडलेले दिसतात. समोरचा संघ बलवान झाला की प्रत्येक बळीची किंमत वाढते. पण बाळूंच्या बाबतीत ती चार धावांहूनही कमीच वाढली. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. आणि हे सर्व कोणत्या संघाकडून? २३ सामन्यांपैकी ६ जिंकणाऱ्या आणि १५ हरणाऱ्या! संघाचा निकाल आणि खेळाडूचा हिशेब वेगवेगळा का लिहावा, हे यावरून समजते. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१.

इतका पुरावा असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघ सोडला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि सामन्यात काही वेळ त्यांनी नेतृत्वही केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघ विजयी झाला. थोरल्या भावाने मिळविलेल्या बळींचे फळ धाकट्याच्या पदरी पडले, असे म्हणावयास हरकत नाही. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. त्यामुळे या घराण्याची कथा आपल्या भाषेत टिकून राहिली.

इंग्लंडहून परतल्यावर दलित समाजाने बाळूंना मानपत्र दिले. ते तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे चरित्रकार सांगतात. पुढे दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळूंनी बाबासाहेबांच्या विरुद्ध भूमिका घेतली. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्याच वर्षी जुलैअखेरीस बाबासाहेब एका खटल्यासाठी आपल्या धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. आज त्या वास्तूपाशी लोक आदराने जमतात. त्या लढतीत हरलेल्या खेळाडूची आठवण मात्र थोड्यांनाच असते. ४ जुलै १९५५ रोजी बाळू निवर्तले.

या चरित्रातून मला दोन गोष्टी शिकाव्याशा वाटतात. पहिली अशी, की प्रत्येक खेळाडूने आपल्या सरावाची वही ठेवावी. किती चेंडू टाकले, किती योग्य टप्प्यावर पडले, आपल्याहून चांगल्या फलंदाजाला किती वेळा बाद केले, हे त्याच दिवशी लिहावे. मन आपल्याला फसविते, वही फसवीत नाही. दुसरी गोष्ट संघ निवडणाऱ्यांसाठी आहे. वहीत आकडे असून भागत नाही, ते वाचणारा माणूसही प्रामाणिक असावा लागतो. बाळूंचे आकडे वर्षानुवर्षे सर्वांसमोर होते. ते ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना वाचता येत नव्हते असे थोडेच आहे! आपल्या महाविद्यालयाचा संघ निवडताना कोण कोणत्या गावचा, कोणत्या आळीचा, कोणाच्या ओळखीचा हे बाजूला ठेवून आधी वही उघडली जावी, एवढीच माझी इच्छा आहे.