अलेक्झांडर फ्लेमिंग

सर अलेक्झांडर फ्लेमिंग (६ ऑगस्ट, १८८१ - ११ मार्च, १९५५) हे स्कॉटिश वैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. ते पेनिसिलिन या प्रतिजैविकाचे शोधक म्हणून ओळखले जातात. अपुऱ्या मात्रेत वापरल्यास जीवाणू या औषधाला दाद देईनासे होतील, असा इशाराही त्यांनी दिला होता.

जीवन

फ्लेमिंग यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०६ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी तेथेच आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली संशोधन सुरू केले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात काम करताना जखमा चिघळून सैनिक दगावत असल्याचे त्यांनी पाहिले. जंतुनाशके खोल जखमेतील जीवाणूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना मारतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले.

पेनिसिलिनचा शोध

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर स्टॅफिलोकॉकस जीवाणू वाढवलेल्या एका बशीत त्यांना बुरशी आढळली. तिच्या सभोवतालचे जीवाणू नष्ट झाले होते. ही बुरशी पेनिसिलियम वंशातील असल्याने तिच्यातील जीवाणुनाशक द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले व १९२९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. काही जातींच्या जीवाणूंवर त्याचा परिणाम होत नाही, अशी नोंदही त्या निबंधात होती. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना जमले नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना १९४५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रतिरोधाचा इशारा

डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक रुग्णाचे उदाहरण दिले. तो घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. त्यातून तगलेल्या जीवाणूंची लागण त्याच्या पत्नीला होते आणि उपचार निष्फळ ठरून ती दगावते.

प्रत्यक्षात हा धोका रुग्णालयांत लवकरच दिसून आला. पेनिसिलिन निष्क्रिय करणारे एंझाइम काही जीवाणूंत असते, हे चेन व एडवर्ड अब्राहम यांनी १९४० सालीच दाखवले होते. पेनिसिलिनने इतर जीवाणू मरत. असे एंझाइम असलेले स्टॅफिलोकॉकस मात्र टिकून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत. १९४८ पर्यंत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक नमुने पेनिसिलिनला प्रतिरोधी आढळले. या जीवाणूंवरील उपाय म्हणून मेथिसिलिन हे नवे औषध आले. परंतु १९६१ साली त्यालाही प्रतिरोध करणारे स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

मृत्यू

फ्लेमिंग यांचे ११ मार्च, १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यांच्या अस्थी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.