दोन पदकांचा हिशेब

जमाखर्चात एक रक्कम चुकीच्या बाजूला पडली, की ताळेबंद काही केल्या जुळत नाही. जिम थॉर्प या थोर खेळाडूच्या आयुष्याच्या वहीत अशीच एक चूक झाली आणि ती पुरती दुरुस्त व्हायला १०९ वर्षे लागली!

जिमचा जन्म १८८७ सालचा. अमेरिकेतील आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या भूमीत, तेथील मूळ रहिवाशांच्या सॅक अँड फॉक्स जमातीत तो वाढला. जुळा भाऊ बालपणीच वारला. पुढे तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या सरकारी निवासी शाळेत आला. मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापून, त्यांची भाषा सोडवून त्यांना 'सुधारण्याचा' उद्योग त्या शाळेत चाले. येथेच १९०७ साली इतर मुले उंच उडीचा सराव करीत असताना जिमने रोजच्या कपड्यांनिशी दांडी सहज ओलांडली, असे सांगतात. पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला. चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये या लहानशा शाळेने १९११ साली बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरविले, तेव्हा त्या विजयाचा नायक जिमच होता.

१९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तर त्याने कमालच केली. पेंटॅथलॉनच्या पाच प्रकारांपैकी चार त्याने जिंकले. दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडनच्या ह्यूगो विस्लँडरला त्याने जवळजवळ ७०० गुणांनी मागे टाकले. दोन सुवर्णपदके!

परंतु हे वैभव सहा महिनेच टिकले. १९०९ आणि १९१० च्या मोसमांत जिम नॉर्थ कॅरोलिनात थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला होता, ही गोष्ट १९१३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत आली. ऑलिंपिक तर हौशी खेळाडूंसाठी! त्या काळी महाविद्यालयीन खेळाडू सुट्टीत खोट्या नावाने असे पैसे मिळवीत. जिम स्वतःच्या नावाने खेळला आणि सापडला. हरकत स्पर्धेनंतर तीस दिवसांच्या आत घ्यावी, असा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती, तरीही पदके काढून घेण्यात आली.

मग जिम उघडपणे व्यावसायिक झाला. १९१३ ते १९१९ तो न्यूयॉर्क जायंट्स व इतर संघांतून बेसबॉल खेळला. कँटन बुलडॉग्ज संघात फुटबॉलच्या एकेका सामन्याला त्याला २५० डॉलर मिळत. १९२० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा (आजची 'एनएफएल') तो पहिला अध्यक्ष झाला. १९२८ नंतर मैदान सुटले आणि आर्थिक मंदीने गाठले. कधी अंगमेहनतीची कामे, कधी चित्रपटांतल्या किरकोळ भूमिका यांवर त्याने दिवस काढले. १९५० साली अमेरिकन पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविले. पण पदके परत मिळाली नाहीत. २८ मार्च १९५३ रोजी त्याचे निधन झाले.

१९५२ ते १९७२ ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. स्टॉकहोमच्या पेंटॅथलॉनमध्ये ते स्वतः जिमच्या मागे, सहाव्या क्रमांकावर होते. त्यांच्या कारकिर्दीत निर्णय बदलला नाही. अखेर १९८३ च्या जानेवारीत पदके त्याच्या मुलांच्या हाती आली, पण जिमचे नाव संयुक्त विजेता म्हणून. तो एकमेव विजेता असल्याचे मान्य झाले ते २०२२ च्या जुलैमध्ये. विस्लँडरने मात्र ते सुवर्णपदक आपले कधीच मानले नव्हते!

पैसे न घेता खेळावे, हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटते. पण ज्याच्या घरी पोटाची सोय आहे, त्यालाच ते परवडते. जिमने घाम गाळून, स्वतःच्या नावाने चार पैसे मिळविले. मित्रहो, हा गुन्हा कोणत्या खात्यावर मांडायचा?