सुसानाचे फूल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षीप्रमाणे एखादी वडीची कृती द्यावी असे मनात होते. परंतु गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहावयास आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने एका माणसाची हकीगत सांगितली, ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तीच भगिनींना सांगते. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मसाल्याच्या डब्यात लवंग असते. ती पूर्वी मोलुक्का नावाच्या दूरच्या बेटांतून यायची. आज ती बेटे इंडोनेशियात आहेत. त्यांपैकी अंबोन बेटावर तीनशे वर्षांपूर्वी डच व्यापारी कंपनीचा अंमल होता. तेथे जॉर्ज रुम्फियस नावाचे गृहस्थ नोकरीला होते. मूळचे जर्मनीचे, जन्म 1627 च्या सुमाराचा. प्रथम कंपनीचे शिपाई म्हणून आले, पुढे व्यापार खात्यात चढले. पोटापाण्याचा उद्योग लवंगांचा, पण जीव सगळा झाडापानांत. कचेरीचे काम आटोपले की रानात जायचे, झाड पाहायचे, तेथल्या लोकांना त्याचे नाव आणि उपयोग विचारायचा, चित्र काढायचे आणि लिहून ठेवायचे, असा त्यांचा क्रम असे.

त्यांच्या पत्नीचे नाव सुसाना. रानातली झाडे शोधण्यात तिची त्यांना मोठी मदत होई. घरसंसार सांभाळून नवऱ्याच्या छंदात हात लावायचा म्हणजे काय, हे आपणा बायकांना निराळे सांगायला नको.

त्या बेटांवर आमरीची फुले फार. आमरी म्हणजे ज्याला आता सगळे ऑर्किड म्हणतात ती. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाच्या फांदीवरून सीतेची वेणी लोंबते, ती याच जातीची. झाडावर उंच बसून राहणाऱ्या या फुलांना रुम्फियस यांनी रानातली खानदानी मंडळी मानले. मोठमोठ्या झाडांवरच राहायचे, मातीत पाय ठेवायचा नाही, असा यांचा थाट! एका आमरीच्या पाकळ्यांवर अक्षरांसारखे डाग असतात, म्हणून तिला त्यांनी लिहिलेली आमरी असे नाव दिले. एका पांढऱ्या आमरीचेही वर्णन केले. तीच आज चंद्र-आमरी या अर्थाच्या नावाने इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांत गणली जाते.

असे सगळे सुरळीत चालले असता 1670 साली रुम्फियस यांची दृष्टी गेली. काचबिंदू असावा, असे जाणकार मानतात. वय अवघे बेचाळीस-त्रेचाळीस. माझेच वय आज चव्वेचाळीस आहे. आपले तोवरचे लिखाण लॅटिन भाषेत होते. ती जाणणारा लेखनिक तेथे कोठून मिळणार? म्हणून त्यांनी डच भाषेत पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ते सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे.

चार वर्षे गेली. 17 फेब्रुवारी 1674 रोजी, चिनी लोकांच्या नववर्षाच्या उत्सवाच्या दिवसांत, संध्याकाळी, मोठा भूकंप झाला आणि समुद्र उसळून आत आला. दोन हजारांवर माणसे गेली. भिंत कोसळून सुसाना आणि तिची मुलगी दोघीही त्यात सापडल्या. आंधळ्या माणसाचा आधार एका क्षणात नाहीसा झाला.

तरी त्यांनी सांगणे थांबवले नाही. एक आमरी जमिनीवर उगवते. फूल मोठे, पांढरेशुभ्र, पाकळीच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या. त्या फुलाला त्यांनी सुसानाचे नाव दिले. रानात आपल्याला साथ देणाऱ्या बायकोची आठवण म्हणून.

पुढेही दैवाने पिच्छा सोडला नाही. 1687 साली गावाला आग लागली आणि त्यांनी डोळे असताना स्वतः काढलेली चित्रे जळून गेली. मग मुलगा पाउल आणि इतर चित्रकारांकडून ती नव्याने काढून घेतली. 1692 साली ग्रंथाचा पहिला भाग घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी बुडवले. नशिबाने बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलने आधीच एक नक्कल करून ठेवली होती. शेवटी सर्व लिखाण हॉलंडला पोहोचले, तर कंपनीने ते दाबून ठेवले. त्यातली माहिती परक्याच्या हाती पडेल अशी व्यापाऱ्यांना धास्ती! 1702 साली रुम्फियस वारले. ग्रंथ छापायला सुरुवात झाली ती 1741 साली, त्यांच्यामागे एकोणचाळीस वर्षांनी. पण छापला गेला हे खरे. सुमारे बाराशे झाडांची माहिती त्यात आहे. 1753 साली लिनियस या मोठ्या शास्त्रज्ञाने झाडांना नावे दिली, तेव्हा त्या फुलाचे सुसाना हे नाव कायम ठेवले. आजही शास्त्रात तेच चालते.

भाची म्हणाली, आपल्या सह्याद्रीत श्रावण-भाद्रपदात वाघचौरा फुलतो, तो या फुलाचा सख्खा नातलग. ऐकून मी चकित झाले. माहेरी गवतातला वाघचौरा मी किती वेळा पाहिला होता!

आता थोडे घरचे सांगते. माझ्या सासूबाईंची दृष्टी दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनेच गेली. तेव्हापासून त्यांना पलंगावर बसवून ठेवले. वेळेवर जेवण, औषध, सगळे केले, त्यात कसूर नाही. पण त्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन काही सुचवू लागल्या, की तुम्ही बसा हो, मी बघते, असे म्हणून मी त्यांना परतवीत असे. हळूहळू त्यांनी बोलणेच सोडले. ते मला बरे वाटले, हेही कबूल करते.

भाचीची गोष्ट त्याही पलंगावरून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मी धाकट्याची एक कोरी वही घेतली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. पावसाळ्यातल्या रानभाज्या कोणत्या, कोणती कशी ओळखावी, कोणती दोन पाण्यांत उकडल्याशिवाय खाऊ नये, हे विचारले. पहिल्या दिवशी त्या दोनच वाक्ये बोलल्या. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून वही आणायला सांगितले. आता वहीत एकोणचाळीस भाज्या झाल्या आहेत. माझे अक्षर वळणदार नाही आणि चित्र तर मुळीच येत नाही. चित्रे माझी मुलगी काढते. पान कसे ते सासूबाई तिच्या तळहातावर बोटाने काढून दाखवतात.

आपल्या प्रत्येकीच्या घरी अशी एखादी सासू, आई, आत्या असेल. भगिनींनो, दहा मिनिटे त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, एवढीच माझी विनंती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी सासूबाईंचे नाव घातले आहे. वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.