विश्लेषण : नाताळच्या शिकारीऐवजी पक्षीगणना... फ्रँक चॅपमन यांचा अंदाजी आकडा आजही का मोलाचा?

तळ्यावर उतरलेल्या थव्यात नेमकी किती बदके आहेत, हे काठावरून अचूक सांगणे जवळपास अशक्यच. तरीही जगभरातील हजारो पक्षीनिरीक्षक असे अंदाजी आकडे रोज नोंदवतात आणि शास्त्रज्ञ ते वापरतात. हौशी माणसांच्या या आकड्यांना अभ्यासात जागा मिळवून देणाऱ्यांमध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांचे नाव आघाडीवर आहे.

कोण होते फ्रँक चॅपमन?

चॅपमन यांचा जन्म १२ जून १८६४ रोजी न्यू जर्सीत झाला. शाळा संपल्यावर ते महाविद्यालयात गेले नाहीत, न्यूयॉर्कच्या एका बँकेत नोकरीला लागले. पक्ष्यांचा नाद मात्र सुटला नाही. १८८४ च्या वसंतात स्थलांतराच्या नोंदींसाठी स्वयंसेवक हवे होते, तेव्हा ते रोज पहाटे रानात फिरून नोंदी घेत आणि मग आगगाडीने कामावर जात. दोन वर्षांनी त्यांनी बँक सोडली. १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री या संग्रहालयात सहायक म्हणून रुजू झाले. पदवी नसतानाही पुढे ते तेथील पक्षी विभागाचे प्रमुख झाले आणि १९४२ पर्यंत तेथेच राहिले.

हॅटवरचे पक्षी का मोजले?

त्या काळी युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या हॅटवर पिसे आणि पेंढा भरलेले अख्खे पक्षी लावण्याची फॅशन होती. १८८६ मध्ये चॅपमन न्यूयॉर्कच्या खरेदीच्या भागात दोन दिवस संध्याकाळी फिरले. त्यांनी ७०० हॅट पाहिल्या. त्यातील ५४२ हॅटवर पक्षी किंवा पिसे होती. त्यांनी सुमारे ४० प्रजाती ओळखल्याही. पिसांच्या व्यापाराने पक्षी संपत आहेत, अशी ओरड आधीपासून होतीच. चॅपमन यांच्या फेरीमुळे तिला आकडा मिळाला आणि संरक्षणाची मागणी करणाऱ्यांच्या हाती पुरावा आला.

ते स्वतः शिकार करत होते का?

होय. त्या काळचा पक्षी अभ्यास बंदुकीवरच चाले. पक्षी मारायचा, कातडे जतन करायचे आणि मग ओळख पटवायची, अशी पद्धत होती. १८८९ मध्ये फ्लोरिडातील सेबॅस्टियन नदीकाठी चॅपमन यांनी संग्रहालयासाठी कॅरोलिना पोपट मारले. हा पोपट तेव्हाच दुर्मीळ झाला होता. पिंजऱ्यातील शेवटचा पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याआधी १९१४ मध्ये तेथेच शेवटचे प्रवासी कबूतर मेले होते. एकेकाळी आकाश झाकून टाकणारे हे कबूतर किती होते आणि कोणत्या वर्षी किती घटले, याची पद्धतशीर मोजणी कोणीच ठेवली नव्हती.

नाताळचाच दिवस का निवडला?

अमेरिकेत नाताळच्या दिवशी शिकारीची चढाओढ लावण्याची प्रथा होती. दोन गट पाडायचे, दिसेल तो पक्षी-प्राणी मारायचा आणि ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. चॅपमन यांनी १८९९ मध्ये ‘बर्ड-लोअर’ हे द्वैमासिक सुरू केले होते. १९०० च्या डिसेंबर अंकात त्यांनी वाचकांना सुचवले, की चढाओढ हवीच असेल तर मारण्याऐवजी मोजण्याची करा. नाताळचा काही वेळ पक्ष्यांसोबत घालवा आणि त्याच रात्री नोंद पाठवा.

नोंदीत काय हवे, हेही त्यांनी ठरवून दिले. हवामान, वारा, तापमान, जमिनीवर बर्फ आहे का, निघण्याची आणि परतण्याची वेळ, दिसलेल्या प्रजाती आणि प्रत्येक प्रजातीचे किती पक्षी. संख्या नेमकी नसेल तर अंदाजी चालेल, अशी मुभा होती. त्या पहिल्या नाताळात २५ ठिकाणी २७ जण बाहेर पडले. त्यांनी सुमारे ९० प्रजातींचे जवळपास १८,५०० पक्षी नोंदवले.

अंदाजावर भरवसा कसा ठेवायचा?

थवा मोजण्याची साधी रीत आहे. आधी एका कडेचे १० पक्षी मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत ठेवायचे आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहायचे. थवा मोठा असेल तर ५० किंवा १०० चा गट धरायचा. यात चूक होतेच. कोणी जास्त सांगतो, कोणी कमी, तर कधी एकच पक्षी दोनदा मोजला जातो.

मात्र वेळ आणि ठिकाणाची नोंद असेल तर चार तासांत दिसलेले पक्षी आणि एका तासात दिसलेले पक्षी यांची तुलना करता येते. म्हणूनच चॅपमन यांची वेळेची अट महत्त्वाची ठरली. पुढे या गणनेसाठी २४ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ ठरले. त्याच वर्तुळात वर्षानुवर्षे मोजणी झाली, की एका आकड्यातील चूक फारशी उरत नाही, पण चढ-उताराची दिशा दिसते. उत्तर अमेरिकेत १९७० नंतर सुमारे ३०० कोटी पक्षी घटले, असा निष्कर्ष २०१९ मध्ये निघाला. त्यामागील आकडेवारीत नाताळ गणनेच्या नोंदीही होत्या.

भारतात त्याचा उपयोग काय?

आज भारतातील पक्षीनिरीक्षक ‘ई-बर्ड’ या अ‍ॅपवर नोंदी करतात. फेरीची वेळ, अंतर, प्रजाती आणि संख्या हा साचा चॅपमन यांच्या यादीशी मिळताजुळता आहे. अशाच सुमारे ३ कोटी नोंदींच्या आधारे २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेण्यात आला.

या अ‍ॅपवर संख्येच्या जागी इंग्रजी ‘एक्स’ टाकण्याची सोय आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पक्षी दिसला. पण आज ‘एक्स’ आणि पाच वर्षांनी पुन्हा ‘एक्स’ असेल, तर तळ्यावरची बदके ५०० वरून ५० वर आली तरी नोंदीत काहीच कळणार नाही. तेथे ‘सुमारे २००’ असा ढोबळ आकडाही अभ्यासाला उपयोगी पडतो.

चॅपमन यांचे १५ नोव्हेंबर १९४५ रोजी निधन झाले. त्यांनी सुरू केलेली गणना त्यानंतरही एकही वर्ष थांबलेली नाही. आता ती दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात अडीच हजारांहून अधिक वर्तुळांत होते.