ज्या मंडईला महात्मा फुलेंनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव कसं मिळालं?

नळाला पाणी नाही, कचरा उचलला नाही, रस्त्यात खड्डे. पुण्यात महापालिकेविरुद्ध आंदोलन करायचं म्हटलं की मंडईतला टिळकांचा पुतळा ही ठरलेली जागा. पण मंडईवर नाव आहे महात्मा फुलेंचं, आणि ते तर नगरपालिकेत बसून नगरपालिकेशी भांडले होते.

फुलेंची 1848 ची मुलींची शाळा आणि 1873 चा सत्यशोधक समाज आपल्याला शाळेत शिकवतात. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. माणसाला पाणी मिळण्याचा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या दारात सोडवला होता.

1876 मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमलं. सरकारचा माणूस गप्प बसेल असं कुणाला वाटलं असेल, तर तो अंदाज साफ चुकला. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा विरोधात पडलेलं एकमेव मत फुलेंचं होतं. 1880 मध्ये शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तर त्याविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं.

मग आला मंडईचा विषय. तेव्हा भाजीवाले शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात बसायचे. त्यांच्यासाठी मोठी इमारत बांधायचं ठरलं. फुलेंनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं फुलेंचं म्हणणं होतं.

फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार, त्यामुळे त्यांचं इमारतींशी वाकडं असायचं कारण नव्हतं. नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा कुठून येतो, याची मात्र त्यांना पुरती कल्पना होती. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शहरात भाजीपाला विकायला आलेल्या शेतकऱ्याची गत मांडली आहे. जकात आणि दलाली भागवून त्याच्या हातात जवळपास काहीच उरत नाही. त्याच शेतकऱ्याच्या जिवावर शहर सजणार, आणि त्याच्या पोरांना शाळा नाही, हे त्यांना खुपत होतं. मला तरी हा विरोध हेकेखोर वाटत नाही.

तरी इमारत झालीच. 1886 मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची ही वास्तू खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. चार वर्षांनी, 28 नोव्हेंबर 1890 ला फुले गेले.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले. त्यांनी पुढाकार घेतला आणि रे साहेबांचं नाव जाऊन फुलेंचं लागलं.